एकाच सहीचं शहर

महापालिकेचा अर्थसंकल्प तयार होण्याची एक ठरलेली रीत आहे. आयुक्त मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात काही वाढवते, काही छाटते. मग समितीचे सभापती तो सर्वसाधारण सभेत मांडतात आणि नगरसेवक आपापल्या प्रभागाची यादी घेऊन त्यावर तुटून पडतात. ४ मार्च २०२२ ला नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि ही रीत थांबली. पुढे दरवर्षी आयुक्तांनी अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासक या नात्यानं त्यांनीच तो मंजूर केला. आकडा पाच हजार कोटींच्या पुढे गेला. पैसे मागणाऱ्याची, देणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही एकच होती.

नव्या सभागृहासाठी मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मध्ये चार वर्षांना दोनच महिने कमी पडले. एकट्या नागपूरचं हे नव्हतं. मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती, अकोला, सगळीकडे प्रशासक बसले होते आणि राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान अखेर एकाच दिवशी झालं. मला जास्त लागलं ते हे, की एवढा काळ गेला तरी घरादारांत, ऑफिसांत, चहाच्या टपऱ्यांवर याची फारशी चर्चाच नव्हती. कोण आमदार कोणत्या गटात गेला हे लोकांना पाठ होतं. आपल्या शहराला सभागृहच नाही, हे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नव्हतं.

मला ते सतत जाणवत राहिलं याला कारण माझे बाबा. ते रेल्वेत होते. पक्षबिक्ष काही नाही, कुठल्या मोर्चात गेल्याचंही आठवत नाही. पण महापालिकेची सभा असली आणि त्यांची रजा असली, की ते महालातल्या टाऊन हॉलमध्ये जाऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसायचे. मी कॉलेजात असताना मलाही घेऊन जायचे. सुरुवातीला मला तिथे नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. कोणीतरी सतत उभं, कोणीतरी महापौरांच्या आसनासमोर धावत गेलेलं, मागून टेबलं वाजवणं चाललेलं. बाबा शांत बसून ऐकायचे आणि मध्येच माझ्याकडे झुकून सांगायचे, "आता पाहा, आता त्या साहेबाला उत्तर द्या लागते."

ती एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. एखादी नगरसेविका, शिकलेली बेताची, हातात सुरकुतलेला कागद, उभी राहून विचारायची की अमुक गल्लीतल्या गडर लाईनचं काम कधी मंजूर झालं, कंत्राट कोणाला दिलं, आतापर्यंत बिल किती निघालं. आणि मोठ्या पगाराचा, मोठ्या परीक्षा पास झालेला अधिकारी उठून उभा राहायचा. फाईल चाळायचा. माहिती नसेल तर "पुढच्या सभेत देतो" म्हणायचा आणि खाली बसण्याआधी महापौर ते कामकाजात नोंदवायला लावायच्या. त्या बाईला तो अधिकारी रस्त्यात भेटला असता तर कदाचित त्यानं तिच्याकडे पाहिलंही नसतं. तिथे मात्र त्याला तिच्यासमोर उभं राहणं भाग होतं, कारण तिच्यामागे हजारो मतं होती. बाबा म्हणायचे, "इथं बसलं का समजते, पैसा कुठून येते अन् कुठं जाते." मला त्याहून जास्त समजलं ते त्या उभं राहण्यातून. सरकारची ताकद किती असावी यावर मी पुढे बरंच वाचलं, पण त्या ताकदीला जाब देताना मी प्रत्यक्ष पाहिलं ते टाऊन हॉलमध्येच.

आता कायदा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. तिच्यातलं कलम २४३-यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती मुदत संपण्याच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सभागृह मुदतीआधी बरखास्त झालं तरी सहा महिन्यांत निवडणूक हवी. यात 'शक्यतो' नाही, 'सोयीनुसार' नाही. ही दुरुस्ती मुळात झालीच यासाठी, की त्याआधीच्या काळात राज्य सरकारं मनात आलं की महापालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं प्रशासक ठेवत असत.

मग झालं काय? ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक संस्थांमधल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या पूर्ण करा असं बजावलं. तो खटला आपल्याच विदर्भातल्या जिल्हा परिषदांवरून उभा राहिला होता, त्यात नागपूरही होतं. आरक्षणाचा प्रश्न खराखुरा होता. एवढ्या मोठ्या समाजाला वगळून निवडणूक घ्या, असं मी तरी म्हणणार नाही. पण माहिती गोळा करायला आयोग नेमायला उशीर झाला, त्यातच प्रभागरचनेचा खेळ सुरू झाला. एका सरकारनं तीन सदस्यांचा प्रभाग केला, त्यानंतर आलेल्या सरकारनं तो मोडून पुन्हा चारचा केला. मे २०२२ मध्ये न्यायालयानं दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा म्हटलं होतं, जुलैत या आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या शिफारशी मान्य झाल्या, आणि ऑगस्टमध्ये 'जैसे थे'चा आदेश आला. त्यानंतर तारखांवर तारखा. ६ मे २०२५ ला न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, मग तीही मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ झाली. या काळात तीन मुख्यमंत्री झाले. राज्यातला प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत होता. म्हणून एकाच पक्षाकडे बोट दाखवणारा कोणी भेटला की माझं त्याच्याशी पटत नाही. सभागृह रिकामं असणं या सगळ्यांनाच सोसलं, काहींना सोयीचंही झालं. आणि न्यायालयानंही हा प्रश्न तारखांमध्ये एवढा लांबू द्यायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते, की घटनेच्या रूपाला हात न लावता, केवळ प्रशासनाचं रूप बदलूनही घटना विकृत करता येते. दीक्षाभूमीच्या या शहरात बाबासाहेबांची वचनं भिंतीभिंतींवर आहेत. हे एक वचन मला फारसं कुठे दिसत नाही. २०२२ नंतर जे झालं त्याचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. कलम २४३-यू जागच्या जागी होतं. त्याची एक ओळही कुणी खोडली नाही.

आणीबाणी २१ महिने चालली. लोकसभेची मुदत तेव्हा वाढवली गेली, त्याचा राग आजही आपल्याकडे जिवंत आहे, आणि तो असायलाच हवा. अत्याचाराच्या बाबतीत त्या काळाशी कशाचीच बरोबरी होणार नाही. लोक तुरुंगात होते. मी फक्त मुदतीचं बोलते आहे. आणीबाणीतली ती मुदतवाढ आपल्याला एवढी खुपते, तर निवडणुकीशिवाय गेलेले ४६ महिने का खुपले नाहीत?

याचं एक उत्तर मला आमच्या शेजारच्या काकाजींनी दिलं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सचोटीचे. एकदा गेटपाशी उभं राहून म्हणाले, "नगरसेवक नव्हते तेच बरं होतं बाई. टक्केवारी नाही, भानगड नाही, ऑफिसर लोकं काम तं करून राहिले होते." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. नागपूरकरांना २००० च्या आसपासचा क्रीडा साहित्य घोटाळा आठवत असेल. आपण निवडून दिलेले लोक काय करू शकतात हे आपण पाहिलेलं आहे. निवडणुकीआधी घराघरांतून फिरणारी पाकिटंही लपून राहिलेली नाहीत. पण मी काकाजींना विचारलं, टक्केवारी नव्हती हे तुम्हाला कळलं कसं? ते गप्प झाले. घोटाळा उघडा पडतो तो कोणीतरी विचारतं म्हणून, विरोधी बाकावरच्या कोणाला तरी त्यातून राजकारण साधायचं असतं म्हणूनसुद्धा. विचारणारं कोणी नसेल तर कारभार स्वच्छ होता की नव्हता हे सांगायला आपल्यापाशी साधनच उरत नाही. चांगला अधिकारी मिळाला तर नशीब, आणि तो बदलून गेला तर पुढच्याची वाट पाहायची. अधिकारी बदलतो मंत्रालयाच्या आदेशानं. त्याची नजर मुंबईकडे असणार, यात त्याचा दोष नाही. त्याला नेमणारे आणि हलवणारे तिथेच आहेत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरणार नाही. अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून घरांत शिरली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डीपर्यंत. माणसं गेली, संसार वाहून गेले, दुकानांतला माल चिखलात बसला. पाणी ओसरल्यावर प्रश्न उभे राहिले. सांडव्याजवळ बांधकाम कसं झालं? नदीच्या पात्रात अडथळे कोणी होऊ दिले? इशारा वेळेत का दिला गेला नाही? सभागृह असतं तर त्या आठवड्यात विशेष सभा लागली असती. गोंधळ झाला असता, एकमेकांवर आरोप झाले असते, कागद भिरकावले गेले असते. पण त्या गोंधळात सिंचन खातं, महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), प्रत्येकाला आपापली जबाबदारी नोंदीवर सांगावी लागली असती, आणि पाणी शिरलेल्या प्रभागांचे नगरसेवक समोर बसलेले असते. तसं काही झालं नाही. रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका करावी लागली.

या खंडपीठाबद्दल मला नितांत आदर आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाची परंपरा ते चालवतं. आणीबाणीत स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात अशी भूमिका घेणाऱ्या उच्च न्यायालयांत नागपूर खंडपीठही होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं ते सगळे निर्णय फिरवले, ही गोष्ट वेगळी. प्रशासकांच्या काळातही खड्डे असोत, नायलॉन मांजा असो, खंडपीठानं प्रश्न लावून धरले. मार्च २०२५ मध्ये शहरातल्या दंगलीनंतर एका आरोपीचं घर पाडलं गेलं. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय असं पाडकाम करता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जेमतेम चार महिन्यांपूर्वीचा होता. खंडपीठानं त्याच दिवशी कारवाई थांबवली आणि पुढे पालिकेला बिनशर्त माफी मागावी लागली. न्यायालय नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

तरीही माझं म्हणणं आहे की न्यायालय हे सभागृहाची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ नये. तिथे जायचं तर वकील लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, वर्षानुवर्षं धीर धरावा लागतो. इंदोऱ्यातल्या किंवा पारडीतल्या बाईला गडर तुंबल्याची तक्रार घेऊन खंडपीठात जाता येत नाही. गेली तरी ती तिथे हात जोडून उभी राहणार. नगरसेवकाच्या दारात ती आवाज चढवून बोलते. "मत मागाले आले होते तवा काय म्हणत होते तुमी?" असं विचारण्याचा हक्क तिला तिथेच आहे. न्यायमूर्तींना पुढच्या खेपेला घरी बसवायची सोय घटनेनं दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच रोजच्या कारभाराचा जाब त्यांच्या खांद्यावर टाकणं बरोबर नाही.

रोजच्या कारभारात काय काय अडलं याची यादी कोणी केलेली नाही. एक उदाहरण सांगते. आधार कार्डावरचा पत्ता बदलायला ज्यांच्यापाशी लाईट बिल, भाडेकरार काहीच नसतं, ते नगरसेवकाच्या सही-शिक्क्याचा दाखला नेत असत. भाड्यानं राहणारी कुटुंबं, बांधकामावरचे मजूर, माहेरी परत आलेल्या मुली. चार वर्षं ती सही नव्हती. मग आमदारांच्या कार्यालयापुढे रांग. एक आमदार म्हणजे लाखांत मतदार. त्याची सही मिळवायला ओळख शोधावी लागते. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे या सहीपायी कितीतरी खाडे पडले. ओळखीच्या माजी नगरसेविकेकडे त्या सवयीनं गेल्या होत्या. तिनं सरळ सांगितलं, "माया सहीले आता किंमत नाही न बाई."

ती नगरसेविका होती, हेही महत्त्वाचं. नागपूरच्या १५१ जागांपैकी ७६ बायकांसाठी राखीव आहेत. त्यातल्या काही अनुसूचित जाती-जमातींच्या, इतर मागासवर्गीयांच्या बायकांसाठी आहेत. विधानसभेत आणि लोकसभेत महिलांना अजून प्रत्यक्षात राखीव जागा मिळालेल्या नाहीत. बायकांना हक्कानं सत्तेत बसवणारी जागा म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका. तीच बंद ठेवली की सर्वांत आधी घरी पाठवल्या जातात त्या याच बायका. काहींचे नवरेच कारभार पाहतात हे खरं आहे. पण मी अशाही ओळखते की ज्या पहिल्या वर्षी बोलायला घाबरायच्या आणि पाचव्या वर्षी अधिकाऱ्याला कायद्याचं कलम सांगायच्या. चार वर्षांत अशा किती जणी तयार झाल्या असत्या?

आणि हे सगळं त्या शहरात, जिथे दर डिसेंबरात राज्याचं अख्खं विधिमंडळ येतं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याचं ठरलं होतं, त्या करारातलं बाकी काय काय राहून गेलं यावर स्वतंत्र लिहावं लागेल. २०२२, २०२३, २०२४, २०२५. या चारही डिसेंबरांत सिव्हिल लाईन्समध्ये मंत्र्यांच्या गाड्या आल्या, रस्ते अडवले गेले, टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चे थांबवले गेले. विधानभवनात नागपूरच्या नाल्यांवर, टँकरवर, कचऱ्यावर आमदारांनी प्रश्न मांडले. गोंदियाचा आणि कोल्हापूरचा आमदार समोर बसून नागपूरच्या नाल्याचं उत्तर ऐकतो, आणि नागपूरचं स्वतःचं सभागृह कुलपात. लोकशाहीच्या मजल्यांमध्ये असा उलटा क्रम मला तरी दुसरीकडे कुठे दिसला नाही.

आपल्या शहराला निवडून न आलेल्या संस्थांची सवय जुनी आहे, हेही यातलं एक कारण असावं. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं आलं. लेआऊट मंजूर करायचं, गुंठेवारी नियमित करायची, जमिनीचा वापर ठरवायचा, अशी कितीतरी कामं वर्षानुवर्षं तिथून झाली. ५७२ आणि १९०० लेआऊट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत वस्त्यांतल्या लोकांना विचारा, त्यांची आयुष्यं नासुप्र आणि महापालिका यांच्यामध्ये हेलपाटे घालण्यात गेली. नासुप्र बरखास्त करायचं ठरलं, मग ते परत आलं. शिवाय महानगर प्राधिकरण आलं, स्मार्ट सिटीची कंपनी आली. प्रत्येक नव्या संस्थेबरोबर सभागृहाच्या हातातलं थोडं काम निघून गेलं. म्हणून सभागृहच गेलं तेव्हा लोकांना फार मोठं काही गेल्यासारखं वाटलं नाही.

आता सभागृह परत आलं आहे. मी समाधानी आहे, पण निश्चिंत नाही. प्रभाग चार सदस्यांचे आहेत, म्हणजे मतदारानं चार बटणं दाबायची आणि पाच वर्षं चौघांमध्ये चेंडू टोलवला जाताना पाहायचा. एक प्रभाग, एक नगरसेवक, ही पद्धत परत यायला हवी असं मला ठामपणे वाटतं. दुसरं, प्रशासकांनी या काळात सर्वसाधारण सभेच्या आणि स्थायी समितीच्या अधिकारात जे जे ठराव मंजूर केले, त्यांची प्रभागवार यादी नव्या सभागृहानं मागवून घ्यावी आणि लोकांसमोर ठेवावी. कोणाला पकडण्यासाठी नव्हे. आपल्या नावानं कोणकोणते निर्णय झाले हे शहराला कळायला हवं, एवढ्यासाठी. तिसरं, मुदत संपायच्या एक वर्ष आधी प्रभागरचना पूर्ण झाली नाही तर जुन्याच रचनेवर निवडणूक होईल, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात यावी. ती असती तर रचना बदलून निवडणूक लांबवण्याची वाट कोणत्याच सरकारला मोकळी राहिली नसती.

आणि एक काम असं आहे की त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. २००९ साली महाराष्ट्रानं महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदारांनी आपल्या नगरसेवकासमोर एकत्र बसायचं, आपल्या भागातल्या कामांचा क्रम ठरवायचा, झालेल्या कामांचा हिशेब विचारायचा. गावात ग्रामसभा असते तशी शहरात ही. फार थोड्या लोकांना तिची माहिती आहे. आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना आम्ही काही जणी मिळून पत्र देणार आहोत. पत्राचा मसुदा झाला आहे. सभेसाठी जागा म्हणून समाजभवन चालेल असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, फक्त वेळेवरून थोडा वाद झाला. दुपारी घ्यावी असं काही जणी म्हणत होत्या. ताईंनी सांगितलं, सहानंतर ठेवा, म्हणजे कामावरून येणाऱ्या बायांनाही बसता येईल. सहाच ठरलं.